गोळीचे माप आणि चरबीचा सवाल

कपिलधार म्हटले की बीड जिल्ह्यातील माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, बालाघाटाच्या कड्यावरून कोसळणारी पाण्याची धार. आणि दुसरी, वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी. मांजरसुंब्याजवळच्या या दरीत कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. अशा शांत ठिकाणाच्या निमित्ताने आम्ही बंदुकीच्या गोळीचा विषय काढावा, हे काहींना विचित्र वाटेल. पण या डोंगरावर उभे राहून चहूकडे नजर टाकली, तर आपला सारा परिसर दारूगोळ्याच्या इतिहासाने वेढलेला दिसतो. उत्तरेला गोदाकाठी राक्षसभुवन आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. पूर्वेला धारूरचा किल्ला. नैर्ऋत्येला खर्डा, जेथे ११ मार्च १७९५ रोजी हीच दोन राज्ये पुन्हा भिडली. त्याच अंगाला आणखी पुढे परांडा. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, आणि विजापूरला जाण्यापूर्वी ती परांड्याच्या किल्ल्यावर होती.

या लढायांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. सेनापती कोण, कोण जिंकले, तह काय झाला, हे आपण शाळेपासून वाचतो. शिपायाच्या कमरेच्या पिशवीत असलेल्या शिशाच्या गोळीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ती कोणी ओतली, नळीत नीट बसेल अशी कोणी केली, तिला वंगण कशाचे लावले? प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण यातल्या शेवटच्या प्रश्नाने १८५७ साली एक साम्राज्य हादरवले. म्हणून या गोळीची कहाणी मुळापासून सांगावी असे आम्हाला वाटते.

आधी शब्दच पाहू. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून आला. ‘बुंदुक’ म्हणजे एक लहान, गोल, कठीण कवचाचे फळ. त्याच्या आकारावरून गोळीला ‘बुंदुक’ म्हणू लागले आणि पुढे गोळी उडवणाऱ्या हत्याराचेच ते नाव झाले. म्हणजे ‘बंदूक’ या शब्दात नळी नाही, दस्ता नाही. आहे ती गोळीच. तोफ तुर्कीतून आली, गोलंदाज आणि बरकंदाज फारसीच्या वळणाने आले, काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगिजांकडून आले. ‘ठासणीची बंदूक’ मात्र अस्सल मराठी. तिलाच निजामाच्या मुलखात ‘भरमार’ म्हणत. एका हत्याराभोवती इतक्या भाषा जमल्या, कारण ते बनवणारे आणि वापरणारे हातही तितकेच वेगवेगळे होते.

आता गोळी कशी होते ते पाहू. कपिलधारचे पाणी कड्यावरून सुटते तेव्हा धार असते. खाली येता येता तिचे थेंब होतात आणि प्रत्येक थेंब गोल व्हायला पाहतो. वितळलेल्या शिशाचा स्वभावही तसाच आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली याच गुणाचा उपयोग केला. उंच मनोऱ्यावरून चाळणीतून वितळलेले शिसे सोडायचे आणि खाली पाण्याच्या हौदात झेलायचे. पडतानाच थेंब गोल होऊन थिजतात. पाखरांच्या शिकारीचे बारीक छर्रे असे तयार होऊ लागले. बंदुकीची मोठी गोळी मात्र अशी होत नाही. तिचा थेंब जड. हवेतल्या हवेत तो थिजत नाही. तिला साचाच लागतो.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. लोखंड किंवा तांबे ओतायला मोठी भट्टी लागते. शिशाला निखारे आणि भाता पुरतो. म्हणूनच गोळी ओतणे हे तोफ ओतण्यासारखे कारखान्यापुरते राहिले नाही, ते घराच्या अंगणात आले. लोखंडी कढई, लांब दांड्याची पळी आणि सांडशीसारखा दोन पाकळ्यांचा साचा, एवढ्यावर काम भागे. साचा लोखंडाचा, पितळेचा किंवा मऊ दगडात कोरलेला असे. ओतलेल्या गोळीला तोंडाशी शेपटी राही. ती कापायची, कानशीने घासायची आणि दोन सपाट पाट्यांमध्ये गोळी घोळवून तिचा खडबडीतपणा काढायचा. शिसे विषारी असते, ते भांडे पुन्हा चुलीवर अन्नासाठी चढू नये, हे पथ्य मात्र महत्त्वाचे होते.

खरी अडचण मापाची. हाताने घडवलेल्या दोन नळ्यांचे तोंड सारखे नसते. त्यामुळे जुन्या काळी बंदुकीबरोबर तिचा स्वतःचा साचा असे. एकाची गोळी दुसऱ्याला चालेलच असे नाही. गोळी नळीहून किंचित लहान हवी. फार लहान झाली, तर दारूचा जोर तिच्या बाजूने निसटतो आणि नेम चुकतो. फार मोठी झाली, तर ती ठासताना मध्येच अडकते आणि नळी फुटून शिपायाचाच जीव जातो. तिथे सूक्ष्म मोजपट्टी नव्हती. नळीचे तोंड हेच माप. सोनार तार ओढण्यासाठी छिद्रांची जंत्री वापरतो, त्याच तत्त्वावर पट्टीतल्या भोकातून गोळी जाते की नाही हे पाहता येई. गोळी थोडी लहान निघाली, तर ती चिंधीत गुंडाळून ठासत. हे जुगाड खरे, पण त्यामागे हाताचे ज्ञान होते.

मोठ्या दरबारांनी मापाचा हा प्रश्न आपल्या परीने सोडवला. अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या बंदूकखान्याचे वर्णन केले आहे. बैलाने फिरवलेल्या एका चाकावर एकाच वेळी १६ नळ्या आतून साफ होत असत, असे तो सांगतो. तो शहेनशहाच्या कारखान्याचा थाट होता. बालाघाटातल्या गढीवरच्या बंदूकवाल्याच्या हाताशी कानस आणि चिंधी एवढेच होते.

आता वंगणाकडे येऊ. जुनी काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची. ती जळाली की निम्म्याहून अधिक वस्तू धूर होऊन जात नाही, घट्ट राखेच्या रूपाने मागे राहते. काही बार काढले की नळीच्या आत या राखेचे पूट चढते. मग तीच गोळी, जी सकाळी सहज उतरत होती, दुपारी गज ठोकूनही उतरत नाही. तेल, मेण किंवा चरबी असली की हे पूट मऊ राहते आणि पुढची गोळी सरकते. नुसती चरबी दख्खनच्या उन्हात वितळून ओघळते. मधमाशीचे मेण ६० अंशांच्या पुढे गेल्यावर वितळते, म्हणून ते उन्हात टिकते, पण एकटे ताठ पडते. दोन्ही मिसळले की काम साधते. वंगणाचे सारे गणित एवढेच आहे.

हे ज्ञान आपल्याकडे नवे नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे आणि बत्ती देण्याचे कान मेणाने बुजवावेत असे सांगितले आहे. तेल घाण्यावरचे, मेण रानातले, चरबी ओळखीच्या खाटकाकडची. आपल्या बंदुकीला काय लागले हे बंदूकवाल्याला ठाऊक असे, कारण ते त्याच्या डोळ्यांदेखत, बहुधा त्याच्याच हाताने लागे. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली इथे आहे.

हा हुन्नर कोणाचा होता? एका जातीचा किंवा एका धर्माचा नक्कीच नव्हता. लोहार, ओतारी, तांबट, सुतार आणि आपले शिकलगार असे सर्व त्यात होते. ‘शिकलगार’ या शब्दाच्या मुळाशी अरबीतला ‘सैकल’ आहे. म्हणजे धातूला जिल्हई देणारा. तलवारीला पाणी देणारे, पाते चमकवणारे, हत्याराचा गंज काढणारे हे कारागीर. आज त्यांतले कितीतरी जण कात्र्या-सुऱ्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरताना दिसतात. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना ओळ मिळाली नाही. लढाई कोणत्या राज्याची, यावरून कारागिराचा धर्म ठरवण्याची सवय अलीकडची आहे. उदगीरला फेब्रुवारी १७६० मध्ये निजामाविरुद्ध मराठ्यांचा तोफखाना चालवणारा इब्राहीमखान गारदी मुसलमान होता. तो आधी निजामाकडेच चाकरीला होता. पुढे १७६१ साली पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला आणि पकडला गेल्यावर मारला गेला. खर्ड्याला दोन्ही बाजूंच्या कवायती पलटणींचे सरदार फ्रेंच होते: निजामाकडे रेमाँ, शिंद्यांकडे पेराँ. पलटणींत मात्र दोन्हीकडे आपलेच लोक होते.

कवायती पलटणी आल्या आणि गोळीचे घर बदलले. हजार शिपाई एका हुकुमावर एकदम बार काढणार, तर सर्वांच्या नळ्या एका मापाच्या हव्यात आणि गोळ्याही एका मापाच्या. रेमाँने १७८६ साली हैदराबादला तोफा-गोळ्यांचा कारखाना उभारला. लोक त्याला ‘तोप का सांचा’ म्हणत. ते ठिकाण आजही त्याच कारखान्याच्या नावाने, गनफाउंड्री म्हणून ओळखले जाते. हा रेमाँ मुसलमान शिपायांना ‘मूसा रहीम’ होता आणि हिंदू शिपायांना ‘मूसा राम’. परक्या सरदारालाही लोकांनी आपल्या नावांत ओवून घेतले, ही आपल्या दख्खनची रीत.

कंपनी सरकारच्या पलटणीत जी जुनी बंदूक होती, तिच्या नळीचे तोंड पाऊण इंच आणि गोळी सुमारे ०.६९ इंच. मधली फट मोठी, म्हणून गोळी घाईतही उतरे. पण नेम लांबवर लागत नसे. दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधलेली असे. शिपायाने पुडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची आणि कागदासकट गोळी ठासायची. मग १८५३ साली एन्फिल्ड रायफल आली. नळीच्या आत पिळदार चर, तोंड ०.५७७ इंच, आणि गोळी ०.५६८ इंच. फट जवळजवळ मिटली. नेम कितीतरी लांबवर लागू लागला, पण त्याची किंमत द्यावी लागली: आता वंगणाशिवाय गोळी उतरणे कठीण झाले. म्हणून कागदाच्या पुडीचे गोळीकडचे टोक चरबी-मेणात बुडवलेले असे. गोळ्या आता साच्यात नव्हे, तर इंग्लंडमधील वुलविचला यंत्राखाली दाबून होत. माप अचूक झाले. बनवणारा हात मात्र समुद्रापार गेला.

चरबी कशाची, हा प्रश्न आधी कोणाला सुचला नव्हता असे नाही. नमुन्याची काडतुसे हिंदुस्थानच्या हवेत कशी टिकतात हे पाहायला १८५३ मध्येच इकडे आली. त्याच वर्षी डिसेंबरात बंगाल लष्कराचे ॲडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी लेखी इशारा दिला होता, की चरबी कोणाच्या धर्माला बाधक नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे देशी शिपायांना देऊ नयेत. तो कागद दप्तरात पडून राहिला. पुढे कलकत्त्याला काडतुसे तयार होऊ लागली, तेव्हा चरबी पुरवण्याच्या कंत्राटात ती कोणत्या जनावराची असावी याचा उल्लेखच नव्हता. गाईची असेल, डुकराची असेल, मेंढ्याची असेल. देणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि ती दातांत धरायची शिपायाने.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला ही कुजबूज सुरू झाली. कारखान्यातल्या एका खलाश्याने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, की लवकरच तुमची जात उरणार नाही, कारण तुम्हाला गाई-डुकराच्या चरबीची काडतुसे तोंडात धरावी लागतील. हे बोलणे पलटणी-पलटणींतून पसरले. सरकार हलले ते २७ जानेवारीला. काडतुसे वंगण न लावता द्यावीत आणि शिपायांनी हवे ते वंगण बाजारातून आणून स्वतः लावावे, असा हुकूम निघाला. म्हणजे जुनी रीतच परत आणली गेली. पण वेळ टळून गेली होती. संशय चरबीवरून उठला आणि कागदावर बसला. तो कागद जरा चकचकीत दिसत होता, एवढे कारण पुरले. पुढे दातांऐवजी हाताने पुडी फाडण्याची नवी कवायत काढली, तरीही उपयोग झाला नाही. २४ एप्रिलला मेरठच्या कवायतीत तिसऱ्या घोडदळाच्या ९० जणांपैकी ८५ जणांनी काडतूस हाती घेण्याचे नाकारले. त्यांत मुसलमान होते आणि हिंदूही. वास्तविक त्या दिवशीची काडतुसे जुन्या पद्धतीचीच होती. ९ मे रोजी त्यांना बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मे रोजी उठाव झाला.

शाळेच्या पुस्तकात याची एक ओळ असते: चरबीच्या काडतुसांमुळे शिपाई भडकले. ही ओळ वाचली की वाटते, धर्मभोळे लोक अफवेला बळी पडले. आमचा या मांडणीला आक्षेप आहे. पूर्वीच्या रायफलींच्या गोळ्यांना मेंढ्याची चरबी आणि मेण लावले जात असे आणि देशी शिपाई ते वर्षानुवर्षे वापरत होते. हे त्याच जानेवारीत लष्करी अधिकाऱ्यांनीच सरकारला कळवले. तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही. म्हणजे शिपायाचे वैर वंगणाशी नव्हते. त्याने साधा प्रश्न विचारला होता: यात काय आहे? हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक वापरणाऱ्याला असतो. सरकारकडे त्याचे खरे उत्तर नव्हते, कारण सरकारने ते कधी जाणूनच घेतले नव्हते. उठावाची कारणे अनेक होती: खालसा झालेली राज्ये, पगार, भत्ते, अपमान. पण ठिणगी पडली ती उत्तर नसलेल्या एका प्रश्नातून.

आपल्या मराठवाड्यात काय झाले? जून १८५७ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात असंतोष उसळला. तिथले मुख्य कारण काडतूस नव्हते. आपल्याला दिल्लीला नेऊन बादशहाविरुद्ध लढवणार, ही बातमी त्यांना खुपली. आमची चाकरी दख्खनपुरती, असे त्यांचे म्हणणे होते. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली आणि उठाव मोडला. कोणी फासावर गेले, कोणी तोफेच्या तोंडी. शहरातला काळा चबुतरा पुढे ‘क्रांती चौक’ झाला, तो यांच्याच आठवणीने. ३१ जुलैला कोल्हापूरची २७ वी पलटण उठली. काडतूस सर्वत्र पोचले नव्हते. अविश्वास मात्र सर्वत्र पोचला होता.

या गोष्टीचा शेवट मोठा बोलका आहे. उठाव मोडायला आलेल्या गोऱ्या शिपायांनाही त्याच काडतुसाने छळले. उन्हात चरबी वितळून निघून जाई, नळीत पूट चढे आणि गोळी उतरेना. अखेर गोळीचे माप ०.५६८ वरून ०.५५ इंचावर आणावे लागले आणि वंगणातली चरबी हटवून मधमाशीचे मेण आणले गेले. आमच्या कारागिराला जे ठाऊक होते, की या हवेत गोळी जरा सैल हवी आणि वंगणात मेण हवे, तिथेच साम्राज्याचा कारखानाही येऊन थांबला. उठावानंतर देशी शिपायांच्या हाती जी बंदूक दिली, तिच्या नळीत पिळदार चर नव्हते. मुद्दाम साधी, नेम कमी लागणारी बंदूक. १८६६ नंतर मागून भरण्याच्या, धातूच्या काडतुसाच्या रायफली आल्या आणि दातांचा संबंधच संपला. १८७८ च्या हत्यार कायद्याने ब्रिटिश मुलखातल्या प्रजेच्या घरातली बंदूकही परवान्याखाली आली. आज १९५९ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय गोळी बनवणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. कोकणात रानडुकरे-माकडांपासून शेती राखण्यासाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका राहिल्या, तेवढीच त्या हुन्नराची शेवटची खूण.

आम्ही ही कहाणी हत्यारांच्या कौतुकासाठी सांगितली नाही. एक वस्तू अंगणात होत होती तोवर तिच्याबद्दल संशय नव्हता. ती नजरेआड होऊ लागली आणि संशय आला. हे केवळ गोळीचे नाही. आज आपण खातो ते तेल, घेतो ते औषध, लावतो तो साबण सारे कोणीतरी दूर कुठे बनवलेले असते. २००१ पासून आपल्या देशात खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारी-मांसाहारी अशी खूण छापावी लागते. डमडमच्या शिपायाने जे विचारले, त्याचेच ते छापील उत्तर आहे. जैन आजी ती खूण पाहते, आपल्या घरातली अम्मीही पाकीट उलटून घटक वाचते. दोघींना कोणी धर्मवेडे म्हणत नाही.

मग १८५७ च्या शिपायालाही म्हणू नये. आणि आजच्या काळात, जेव्हा कोणाच्या डब्यात काय, कोणाच्या फ्रीजमध्ये काय, यावरून माणसे मारली जातात, तेव्हा आपण दोन्ही बाजूंनी एवढे तरी शिकावे: विचारणाऱ्याचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, आणि उत्तर मिळण्याआधी अफवेवर हात उचलू नये. त्या ८५ जणांत गाईसाठी नाही म्हणणारे होते आणि डुकरासाठी नाही म्हणणारेही. दोघांनी एकमेकांचे कारण मान्य केले, म्हणून ते एका रांगेत उभे राहू शकले. आपल्या मुलांना १८५७ शिकवताना त्यांना तारखांसोबत ही रांगही दाखवली पाहिजे.